किडनी फाटली, पोट उघडलं नाही: एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण लिहून काढायचं कारण सांगतो. रुग्ण वाचला, त्याची किडनीही वाचली, पण आमच्याकडून वाटेत तीन चुका झाल्या. पोट उघडलं असतं तर त्या झाल्या नसत्या, आणि बहुधा किडनीही राहिली नसती. फाटलेली किडनी शस्त्रक्रिया न करता सांभाळायची पद्धत आता रुळली आहे. त्या पद्धतीत चूक नेमकी कुठे होते, यावर मात्र फारसं बोललं जात नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

२६ वर्षांचा तरुण रात्री दुचाकीवरून घसरला आणि डाव्या कुशीवर रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर आदळला. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. उठून बसला, थोडं चाललाही. अर्ध्या तासाने लघवीला गेला तर निव्वळ रक्त.

जवळच्या छोट्या रुग्णालयात नेलं तेव्हा नाडी १२२ आणि बीपी ९४/६० होतं. एक लिटर सलाइन दिल्यावर बीपी १०८ वर आलं. सीटी स्कॅन झाला. डावीकडच्या दहाव्या आणि अकराव्या बरगड्या मोडलेल्या होत्या, प्लीहा आणि आतडी ठीक होती, आणि डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला खोल चीर होती. तिथून त्याला आमच्याकडे पाठवलं.

किडनी तशी सुरक्षित जागी बसलेली असते. मागे बरगड्या आणि पाठीचे जाड स्नायू, भोवती चरबी, आणि त्या चरबीवर गेरोटाचं आवरण नावाचा चिवट पडदा. पण हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांमधून जातो. त्यामुळे ती फाटली की रक्त जोरात वाहतं. हेच रक्त गेरोटाच्या आवरणात कोंडलं गेलं की दाब वाढतो आणि रक्तस्राव आपोआप मंदावतो. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया हा कोंडलेला दाब होता.

पहिले दोन तास

आमच्याकडे पोचला तेव्हा नाडी १०८, बीपी ११२/७०. हिमोग्लोबिन ११.२, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.१. डावी कूस निळी पडलेली आणि हात लावू देत नव्हता, पण बाकी पोट मऊ होतं. सोनोग्राफीत पोटाच्या पोकळीत पाणी किंवा रक्त नव्हतं. कॅथेटरच्या पिशवीत गडद लाल लघवी.

सोबत आलेल्या सीटीत दोनच टप्पे होते, आर्टेरियल आणि व्हीनस, म्हणजे शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट (चित्रात पांढरं उठून दिसणारं औषध) धमन्यांत असतानाचा आणि नंतर शिरांत पोचल्यावरचा. किडनीतून कॉन्ट्रास्ट लघवीत उतरायला काही मिनिटं लागतात, म्हणून लघवी कुठे गळते आहे का हे पाहायला साधारण दहा मिनिटांनी पुन्हा चित्रं घ्यावी लागतात. हा डिलेड टप्पा घेतलेलाच नव्हता. चीर किती खोल आहे ते दिसत होतं, पण ती लघवीच्या नलिकांपर्यंत पोचली आहे की नाही, ते सांगता येत नव्हतं.

इथे आमच्या रेडिओलॉजिस्टने एक चांगली गोष्ट सुचवली. आधीचं कॉन्ट्रास्ट देऊन दोन-अडीच तासच झाले होते, तेव्हा गळती असली तर ते कॉन्ट्रास्ट किडनीबाहेर साठलेलं असणार. नवीन डोस न देता साधा स्कॅन केला, आणि खालच्या टोकाभोवती पांढरं तळं स्पष्ट दिसलं. त्याहून मोलाची दुसरी गोष्ट दिसली. त्याच बाजूच्या मूत्रवाहिनीत, खाली मूत्राशयाकडे, कॉन्ट्रास्ट उतरलेलं होतं. म्हणजे मूत्रवाहिनी किडनीपासून पूर्ण तुटलेली नव्हती. ती तुटलेली असती तर नुसतं थांबणं चुकीचं ठरलं असतं, कारण तो जोड आपोआप जुळत नाही. उजवी किडनी निरोगी होती. हे पाहणं कुणीही विसरू नये. कधी कधी माणसाला एकच किडनी असते आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

चीर नलिकांपर्यंत गेलेली आणि लघवी बाहेर गळते आहे, म्हणजे अमेरिकन ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेच्या मोजपट्टीवर ही चौथ्या श्रेणीची इजा. मोजपट्टी पाच श्रेणींची आहे. ती १९८९ मध्ये आली आणि २०१८ मध्ये सुधारली गेली. सुधारणेत रक्तवाहिन्यांच्या इजांना आधीपेक्षा जास्त महत्त्व मिळालं, आणि सीटीत दिसणारा चालू रक्तस्राव श्रेणी ठरवताना धरला जाऊ लागला. आमच्या चित्रांतही खालच्या टोकाशी आर्टेरियल टप्प्यात कॉन्ट्रास्टचा एक बारीक ठिपका होता. रेडिओलॉजिस्ट त्याला ब्लश म्हणतात, तिथून रक्त अजून गळत असल्याची ती खूण. रक्ताचा गोळा मात्र गेरोटाच्या आत होता, जाडी २.८ सेंटिमीटर.

प्रश्न नेमका काय होता

बीपी सलाइनला आणि रक्ताच्या एका पिशवीला प्रतिसाद देत होतं. तो कोसळलेला नव्हता, पण पुरता स्थिरही नव्हता. किडनीतून रक्त आणि लघवी दोन्ही गळत होती. रात्रीचे अडीच वाजले होते आणि बाहेर बाकावर त्याची आई बसली होती.

ज्याचं बीपी रक्त देऊनही वर येत नाही, त्याच्याबाबतीत निर्णय सोपा असतो, त्याला थिएटरमध्ये किंवा अँजिओग्राफीला न्यावंच लागतं. ज्याला नुसता मुका मार आहे, त्याचाही निर्णय सोपा. अवघड असतात ते हे मधले रुग्ण.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पोट उघडण्याचा. एकेकाळी हाच पर्याय होता, आणि त्या काळच्या सर्जनांना नावं ठेवण्याचं कारण नाही. जर्मन सर्जन गुस्ताव सिमोन यांनी १८६९ मध्ये हायडेलबर्गला ठरवून किडनी काढली आणि माणूस उरलेल्या एका किडनीवर जगतो हे दाखवून दिलं. तेव्हापासून जखमी किडनी काढून टाकणं हा खात्रीचा उपाय ठरला. किडनी किती फाटली आहे, हे पाहण्याचं साधन पोट उघडण्याखेरीज नव्हतं. १९२९ नंतर शिरेतून औषध देऊन एक्स-रे काढता येऊ लागले, तरी त्यात आकृती पुसटच दिसे. आत काय चाललं आहे ते दिसत नसताना थांबायचं धाडस कोण करणार? सीटी आला आणि चीर, गोळा, गळती सगळं दिसू लागलं. थांबणं शक्य झालं ते त्यामुळे.

आमच्या वरिष्ठ सर्जनांनी त्या जुन्या काळात पुष्कळ पोटं उघडली आहेत. रात्री त्यांना फोन केला तेव्हा मला वाटलं होतं, ते थिएटर तयार ठेवायला सांगतील. ते म्हणाले, "मी आवरण उघडलं की दाब जाईल आणि रक्ताचा लोंढा येईल. मग माझा एक हात मूळ रक्तवाहिनीवर आणि दुसऱ्या हातात कात्री. किडनी बहुतेक ताटलीत येईल. अशा कितीतरी मी काढल्यात. त्यातल्या काही राहिल्या असत्या, हे फार उशिरा कळलं." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "थांबा. पण झोपू नका."

शस्त्रक्रियेतही सुधारणा झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक मॅकॅनिंच यांनी आवरण उघडण्याआधी किडनीच्या मुख्य रक्तवाहिन्या ताब्यात घ्यायचा आग्रह धरला, आणि फाटलेली किडनी शिवून ठेवणं जमू लागलं. तरीही रात्री, घाईत, रक्ताने भरलेल्या पोटात ते साधणं सगळ्यांच्या हातचं नाही.

दुसरा पर्याय एम्बोलायझेशनचा. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी किडनीच्या फांदीपर्यंत न्यायची आणि गळणारी फांदी तेवढी आतून बंद करायची. आमच्याकडे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट चाळीस मिनिटांत येऊ शकत होते. बाजूने मुद्दा एकच होता, तो ठिपका. विरुद्ध मुद्दे असे: ठिपका बारीक होता, गोळा मोठा नव्हता, बीपी टिकून होतं, आणि दाबाने नुकतीच आवरू लागलेली किडनी अजून एका कॉन्ट्रास्टच्या डोसने छेडायची का, हा प्रश्न होता. असे बरेच ठिपके आपोआप थांबतात. सगळेच थांबत नाहीत.

तिसरा पर्याय, नजर ठेवून थांबणं. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनची मूत्रमार्गाच्या इजांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ मध्ये आली. त्यांचा रोख स्पष्ट आहे: रक्ताभिसरण स्थिर असेल तर आधी शस्त्रक्रियेविना सांभाळा. किडनीच्या गराला चीर पडून लघवी गळत असली तरी सुरुवातीला थांबता येतं, कारण अशा बहुतेक गळत्या आपोआप बंद होतात. म्हणून पहिल्याच रात्री मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे लघवी खाली उतरवणारी नळी, घालण्याचीही गरज नव्हती.

आम्ही तिसरा पर्याय निवडला. त्याच वेळी कागदावर लिहून ठेवलं की कशाने निर्णय बदलायचा: बीपी ९० च्या खाली गेलं आणि सलाइनने वर आलं नाही, नाडी १२० च्या वर टिकून राहिली, पोट ताठ झालं, किंवा चोवीस तासांत रक्ताच्या आणखी दोन पिशव्यांवर तिसरी लागली, तर एम्बोलायझेशन. हा कागद खाटेच्या पायथ्याशी चिकटवला. रात्रपाळीत माणसं बदलतात आणि "मला वाटलं" हे फार धोक्याचं वाक्य आहे.

पहिले चार दिवस

आयसीयूत पूर्ण झोपून राहायचं, पोटऱ्यांना दाब देणारे पंप, दर सहा तासांनी हिमोग्लोबिन. आणि परीक्षानळ्या. आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरची ही पद्धत आहे. दर चार तासांनी पिशवीच्या नळीतून थोडी ताजी लघवी काढायची, परीक्षानळीत भरायची, वर चिकटपट्टी लावून वेळ लिहायची आणि खिडकीच्या कट्ट्यावरच्या लाकडी स्टँडमध्ये डावीकडून उजवीकडे लावत जायची. सकाळी उन्हात ती रांग पाहिली की बाकी काही विचारायला नको. पहिल्या दोन नळ्या गडद लाल, तिसरी काळपट, चौथी पुन्हा लाल. मग हळूहळू विटकरी, गुलाबी. पिशवीत सगळं एकत्र मिसळतं आणि जुन्या रक्तामुळे नवीन लघवीही लाल दिसते. नळ्या फसवत नाहीत.

पहिल्या दिवशी दुपारी हिमोग्लोबिन ८.९ झालं. सलाइनने रक्त पातळ होऊन आकडा काही अंशी उतरतोच, पण इतका नाही. एक पिशवी दिली. त्याच संध्याकाळी त्याच्या आईने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"डॉक्टर, लघवी अजून लाल आहे. तुम्ही नुसतं बघताय. ऑपरेशन करून टाका ना एकदाचं."

"काकू, ऑपरेशन केलं तर किडनी जायची शक्यता जास्त आहे."

"आणि नाही केलं तर?"

मी त्यांना खिडकीशी नेलं आणि नळ्या दाखवल्या. कागद दाखवला, कोणत्या आकड्याला आम्ही काय करणार ते वाचून दाखवलं. त्या बराच वेळ नळ्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा कागद मला लिहून द्या." दिला. नातेवाइकांना थांबण्याचा अर्थ समजावणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. काही करणारा डॉक्टर दिसतो. थांबलेला डॉक्टर त्यांना हात बांधून उभा असल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिमोग्लोबिन ८.१, नाडी १०४, बीपी ११८/७२. दुसरी पिशवी लावली. कागदावरच्या मर्यादेच्या आम्ही काठावर होतो. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टशी फोनवर बोललो. ते म्हणाले, मी तयार आहे, तुम्ही सांगा. दुपारी ९.०, रात्री ९.१. नाडी ९२. नळ्या फिकट होत गेल्या. आम्ही थांबलो. या निर्णयाकडे मी पुढे परत येणार आहे.

तिसऱ्या दिवशी नळी गुलाबी आणि चौथ्या दिवशी गवती पिवळी. तो जेवू लागला, सिस्टरशी गप्पा मारू लागला.

चौथ्या आणि पाचव्या श्रेणीच्या इजेत साधारण ४८ तासांनंतर पुन्हा सीटी करावा, अशी शिफारस आहे. गुंतागुंत लक्षणं दिसण्याआधी सापडावी म्हणून. आम्ही तो तिसऱ्या दिवशी ठरवला होता. पण मुलगा बरा दिसत होता, एका रात्रीत दोन स्कॅन होऊन गेले होते, आणि "उद्या बघू" असं म्हणत तो पुढे ढकलला. ही पहिली चूक.

पाचवा दिवस आणि अर्धा प्रश्न

पाचव्या दिवशी संध्याकाळी ताप १०१.८. कूस पुन्हा दुखू लागली, पोट फुगलं, भूक गेली. ही लक्षणं पुस्तकातल्यासारखी होती, गळालेली लघवी साठून त्यात जंतुसंसर्ग झाल्याची. सीटीसाठी पाठवलं. मागणीपत्रावर मी स्वतः लिहिलं: लघवीची गळती? युरिनोमा? (युरिनोमा म्हणजे किडनीबाहेर साठलेलं लघवीचं तळं.)

ज्याची शंका लिहिली, तेच शोधलं गेलं. व्हीनस टप्पा घेतला, दहा मिनिटांनी डिलेड घेतला. सात सेंटिमीटरचा युरिनोमा सापडला. आर्टेरियल टप्पा मी मागितला नव्हता आणि तो घेतला गेला नाही. पहिल्या रात्रीच्या त्या ठिपक्याचं पुढे काय झालं, हे विचारायची तीच वेळ होती आणि ते विचारायचं राहून गेलं. पहिल्या रुग्णालयाने रक्त पाहिलं होतं, लघवी पाहिली नव्हती. आम्ही लघवी पाहिली आणि रक्त पाहिलं नाही. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी.

त्याच रात्री दुर्बिणीतून डीजे स्टेंट घातला. म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. लघवीला सरळ खाली यायला मोकळी वाट मिळाली की चिरेतून बाहेर पडायचं कारण उरत नाही. खालून औषध सोडून घेतलेल्या चित्रात खालच्या कॅलिक्सपाशी, म्हणजे किडनीत लघवी गोळा करणाऱ्या पेल्यापाशी, गळती दिसली. कॅथेटर मुद्दाम ठेवलं, नाहीतर मूत्राशय भरला की स्टेंटमधून लघवी उलटी वर चढते. अँटिबायोटिक्स दिली. बाहेरून सुई घालून युरिनोमा रिकामा करायचा का, यावर चर्चा झाली. चोवीस तास वाट पाहायचं ठरलं. छत्तीस तासांत ताप गेला आणि सोनोग्राफीत तळं लहान होताना दिसलं, म्हणून सुईची गरज पडली नाही.

दहाव्या दिवशी घरी सोडलं. सोबत एक पान दिलं. सहा आठवडे दुचाकी नाही, वजन उचलणं नाही, पळणं नाही. शेवटची ओळ मोठ्या अक्षरात होती: लघवीत गाठी दिसल्या तर फोन करत बसू नका, थेट या.

पंधरावा दिवस

किडनीच्या खोल इजेत उशिरा होणारा रक्तस्राव बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतो. फाटलेल्या धमनीचं तोंड साकळलेल्या रक्ताने बुजलेलं असतं. ते रक्त विरघळू लागलं की धमनीशेजारी रक्ताची एक पिशवी तयार होते, जिला स्वतःची भिंत नसते. हाच स्यूडोॲन्युरिझम. तो फुटून नलिकेत उघडला की रक्त सरळ लघवीत येतं.

पंधराव्या दिवशी सकाळी लघवीत ताजं लाल रक्त आणि गाठी आल्या. त्याच्या आईने पानावरचं वाचूनही आधी वॉर्डला फोन केला, कारण माणूस घाबरला की आधी फोनच करतो. ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने नोंद पाहिली, डीजे स्टेंट असल्याचं वाचलं आणि सांगितलं, "स्टेंटमुळे थोडं रक्त जातं, भरपूर पाणी पाजा." ही तिसरी चूक. स्टेंटमुळे लघवी लालसर होते हे खरं आहे, आणि म्हणूनच हे उत्तर फसवं आहे. गाठी, फिकट चेहरा आणि वेगाने चालणारी नाडी या गोष्टी स्टेंट करत नाही.

"पानावर लिहिलंय थेट या, म्हणून मी आणते त्याला," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पन्नास मिनिटांत पोचल्या. तोवर गाठींनी वाट अडून लघवी थांबली होती आणि मूत्राशय बेंबीपर्यंत तट्ट फुगलं होतं. बीपी १००/६४, नाडी ११६, हिमोग्लोबिन ७.९. तीन तोंडांचं जाड कॅथेटर घालून गाठी धुऊन काढल्या, दोन पिशव्या रक्त लावलं आणि सीटी अँजिओग्राफी केली. डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला १४ मिलिमीटरचा स्यूडोॲन्युरिझम होता.

या वेळी चर्चा पाच मिनिटांची झाली. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी जांघेतून बारीक नळी थेट त्या फांदीपर्यंत नेली. पडद्यावर किडनीची सगळी धमनी उघड्या झाडासारखी दिसत होती, आणि एका डहाळीच्या टोकाला तो फुगा, आतलं कॉन्ट्रास्ट गोल फिरतंय. तीन सूक्ष्म कॉइल, म्हणजे धातूची बारीक वेटोळी, सोडल्या. फुगा भरेनासा झाला, बाकी झाड जसंच्या तसं राहिलं. संध्याकाळपर्यंत कॅथेटरच्या नळीत पाण्यासारखी स्वच्छ लघवी येऊ लागली.

निष्पत्ती

चार दिवसांनी तो घरी गेला. सहा आठवड्यांनी, युरिनोमा पूर्ण विरल्याची सोनोग्राफीत खात्री करून, स्टेंट काढला. तीन महिन्यांनी केलेल्या डीएमएसए स्कॅनमध्ये, म्हणजे कोणती किडनी किती काम करते हे दाखवणाऱ्या तपासणीत, डावी ३८ टक्के आणि उजवी ६२ टक्के काम करत होती. खालच्या टोकाचा एक त्रिकोणी तुकडा गेला, बाकीची किडनी राहिली. क्रिएटिनिन १.०.

बीपी दर वर्षी तपासायला सांगितलं आहे. किडनीभोवती साकळलेल्या रक्ताने किंवा व्रणाने दाब आला की ती रक्त कमी मिळतंय असं समजून रेनिन नावाचं द्रव्य सोडते आणि बीपी वाढतं. अमेरिकन डॉक्टर अर्व्हिन पेज यांनी १९३९ मध्ये प्राण्यांच्या किडनीला सेलोफेन गुंडाळून हे दाखवलं होतं. या मुलाचं बीपी एका वर्षानंतर १२२/७८ आहे.

आज हेच प्रकरण आलं तर

पोट तेव्हाही उघडलं नसतं, आजही उघडणार नाही. पण थांबण्याची पद्धत आम्ही बदलली आहे.

सीटीच्या मागणीपत्रावर किडनीच्या इजेसाठी आता दोन ओळी छापलेल्या आहेत, रक्त कुठून आणि लघवी कुठून. दोन्हींची उत्तरं आल्याशिवाय अहवाल पुरा मानत नाही. ताप लघवीमुळे आला असला तरी आर्टेरियल टप्पा घेतला जातो. पाचव्या दिवशी तो घेतला असता तर फुगा तेव्हाच सापडला असता की नाही, हे छातीठोक सांगता येणार नाही. काही वेळा तो नंतर तयार होतो. पण पाहायला हवं होतं. दुसरा सीटी रुग्ण कसा दिसतो यावर न ठरवता दाखल करतानाच तारीख टाकून ठरवतो.

फोनचं उत्तर हा जास्त नाजूक भाग आहे. त्या निवासी डॉक्टरला मी दोष देत नाही. नोंदीत त्याला स्टेंट दिसला आणि पहिल्या पानावरचा ठिपका दिसला नाही, कारण घरी सोडतानाच्या सारांशात मी तो लिहिलाच नव्हता. आता सारांशाची पहिली ओळ इजेची श्रेणी आणि रक्तवाहिनीची इजा यांची असते, स्टेंट त्यानंतर. आणि किडनी फाटलेल्या रुग्णाच्या घरून रक्ताचा फोन आला तर फोनवर सल्ला द्यायचा नाही, बोलावून घ्यायचं.

ज्या ठिकाणी रात्री एम्बोलायझेशनची सोय नाही, तिथल्या सहकाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की बीपी टिकून आहे तोवरच रुग्ण पुढे पाठवा. कोसळल्यावर पाठवता येत नाही. मग तिथल्या सर्जनला पोट उघडावंच लागतं, आणि तेव्हा तेच बरोबर असतं. मुख्य रक्तवाहिनी तुटलेली असेल, गोळा वाढत असेल किंवा धडधडत असेल, मूत्रवाहिनी किडनीपासून पूर्ण तुटली असेल, तर वाट पाहण्यात वेळ जातो.

उरला तो दुसऱ्या दिवसाचा निर्णय. ठिपका होता आणि दोन पिशव्या लागल्या होत्या. मला आज वाटतं की त्या पहाटे एम्बोलायझेशन करायला हवं होतं. पुढचा रक्तस्राव, दोन पिशव्या आणि त्या आईची ती सकाळ टळली असती. वरिष्ठांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, हिमोग्लोबिन उतरायचं थांबलं होतं, आपण ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली नव्हती, आणि दर वेळी ठिपक्यामागे धावलो तर चांगल्या फांद्याही बंद करत सुटू. आम्ही यावर दोनदा बैठकीत बोललो, एकमत झालं नाही.

दुसऱ्या बैठकीत रेडिओलॉजिस्टनी पहिल्या रात्रीचं आर्टेरियल चित्र आणि पंधराव्या दिवसाची अँजिओग्राफी पडद्यावर शेजारी शेजारी लावली. दोन्हींत तो एकाच फांदीवर, एकाच वळणाशी होता. वरिष्ठ उठून पडद्याजवळ गेले, बोट ठेवून दोन्ही जागा पाहिल्या आणि म्हणाले, "हे पुढच्या वेळी मला दुसऱ्या दिवशी दाखवा."